सुचेल तसं

माझा डावा हात अशिक्षित आहे. त्याच्यादेखत सांगतो, कारण त्याला त्याचं काही वाटत नाही. उजवा हात सही करतो, पोळी मोडतो, रिक्षा थांबवतो, भांडणात बोट दाखवतो. डावा आयुष्यभर भाजीची पिशवी धरून त्याच्या मागं उभा. पन्नाशी उलटल्यावर पियानो शिकायचं मनात आलं, तेव्हा घरच्यांनी काढलेल्या सगळ्या शंका (जागा कुठाय, पैसे किती, वय काय) बाजूला पडल्या आणि खरी अडचण या हाताची निघाली. पियानोला दोन्ही हात लागतात. बरं, दोघांनी मिळून एकच काम करावं, तर तेही नाही. उजव्यानं एक वाजवायचं, डाव्यानं त्याच वेळी दुसरंच, आणि ऐकणाऱ्याला मात्र दोघांचं छान जमतं असं वाटलं पाहिजे. आमच्या घरात हे माणसांना जमत नाही, हातांना कुठून जमणार?

यात दोष हाताचा नाही, परंपरेचा आहे. युरोपात पेटी जन्मली तेव्हा तिचा भाता पायानं चालायचा. आपल्या संगीत नाटकांतही पायपेटी होती. पण आपण मुळात मांडी घालून बसणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात हातपेटी तयार झाली, पाय रिकामे झाले आणि त्यांचं काम बदलीवर डाव्या हाताकडे आलं. तेव्हापासून तो भाता मारतो आहे. गोविंदराव टेंब्यांपासून पु. ल. देशपांड्यांपर्यंत जेवढे म्हणून पेटीवर रंगले, त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांचं कौतुक झालं. डाव्यानं तीन तास वारा घातला म्हणून त्याला कोणी नारळ दिल्याचं ऐकिवात नाही. मीही आजोबांच्या पेटीवर भजनं बडवत वाढलेला. पियानोच्या पहिल्या धड्याला स्टुलावर बसलो आणि माझा डावा हात आपोआप समोरच्या फळीवर चाचपडू लागला.

“काय शोधताय?” टीचरनी विचारलं.

“हवा,” मी म्हणालो.

टीचर मूळच्या गोव्याच्या, राहायला पुण्यात कॅम्पात. वय सत्तरीपुढचं, पाठ ताठ, आणि बोलता बोलता मधेच “मनगट!” असं ओरडायची सवय. त्यांनी माझ्यासमोर पाच रेघांचा कागद ठेवला. खरं तर पाचाच्या दोन जोड्या. वरच्या पाच रेघा उजव्या हाताच्या, खालच्या पाच डाव्याच्या. यातली गंमत अशी, की वरच्या संचातल्या सगळ्यात खालच्या रेघेवर बसलेला ठिपका ‘ई’, आणि खालच्या संचातल्या सगळ्यात खालच्या रेघेवर तसाच बसलेला, तेवढाच काळा ठिपका ‘जी’. आमच्या सोसायटीत ए विंगच्या तळमजल्यावर डॉक्टर राहतात आणि बी विंगच्या तळमजल्यावर त्याच आडनावाचे वकील. तिथं नव्या कुरिअरवाल्याचं जे होतं, तेच माझं होऊ लागलं. माल बरोबर, दार चुकीचं.

यातल्या वरच्या रेघांची नावं लक्षात राहावीत म्हणून मुलांना एक इंग्रजी वाक्य पाठ करायला लावतात : एव्हरी गुड बॉय डिझर्व्हज फ्रूट. प्रत्येक गुणी मुलाला फळ मिळालं पाहिजे. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं बायकोला हे सांगितलं.

“आधी गुणी व्हा,” ती म्हणाली, “केळी टेबलावर आहेत.”

माझ्यानंतरचा विद्यार्थी बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यानं एकदा मला फार मायेनं विचारलं, “अंकल, तुमची कुठली ग्रेड?”

“मी आवड म्हणून शिकतो,” मी म्हणालो.

“माझीपण ती झालीये,” तो म्हणाला. “ग्रेड वनच्या आधी असते.”

त्या दिवशी मी टीचरना सरळ विचारलं, की हे कागद हवेतच कशाला? माझ्या पिढीचं पियानोचं शिक्षण ज्यांच्याकडे झालं, त्यांनी कधी कागद बघितला नाही. ‘अंदाज’मधला दिलीपकुमार, ‘संगम’मधला राज कपूर, ‘ब्रह्मचारी’तला शम्मी कपूर. हीरोला दुःख होतं, खोलीत एक पियानो असतोच, आणि तो सरळ जाऊन त्यावर बसतो. त्याला कोणी ग्रेड विचारत नाही. पट्ट्यांकडे तो ढुंकून बघत नाही, कारण त्याला हीरोइनकडे बघायचं असतं. कॅमेरा त्याचे खांदे दाखवतो, भुवया दाखवतो, बोटं शक्यतो टाळतो. तरीही त्या पियानोतून पियानो तर येतोच, शिवाय पन्नास व्हायोलिनं येतात. याला म्हणतात अंतःप्रेरणा.

टीचर हसल्या. त्यांचे एक मामा मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. “हीरो रडायचा,” त्या म्हणाल्या, “वाजवायचे दुसरे. आणि ते समोर कागद ठेवून वाजवायचे.” संगीतकार चाल गुणगुणायचा, नाहीतर पेटीवर दाखवायचा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस (‘अमर अकबर अँथनी’तल्या अमिताभला ज्यांचं नाव मिळालं ते) अशा गोव्याच्या अरेंजर मंडळींनी ती त्या पाच रेघांवर उतरवायची, आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा त्याचा कागद ठेवायचा. वादकांतही गोव्याचे पुष्कळ. चर्चच्या शाळेत लहानपणी सरगम घोकून घोकून आलेले. म्हणजे राज कपूरच्या दुःखातला एकही सूर आयत्या वेळी सुचलेला नव्हता. हे ऐकून मला राज कपूरपेक्षा जास्त दुःख झालं.

“मनगट!” टीचर ओरडल्या.

पुढच्या आठवड्यापासून माझी पाठ दुखू लागली. पाठ ही फार समंजस वस्तू आहे. नको तिथं जायच्या दिवशीच दुखते. कॅम्पातलं जाणं बंद झालं आणि मी घरच्या घरी, कोणाच्याही देखरेखीशिवाय, मुक्तपणे शिकायचं ठरवलं. एक जुना कीबोर्ड स्वस्तात मिळाला. मुलाची बारावी आली म्हणून त्या घरानं तो विकायला काढला होता. मराठी घरांतली निम्मी वाद्यं बारावीमुळेच हात बदलतात. पियानोला ८८ पट्ट्या असतात, याला ६१ होत्या. मला ते सोयीचंच वाटलं. चुकायला २७ जागा कमी.

मग यूट्यूबवर मला माझा गुरू भेटला. लांब केस, अनवाणी पाय, मागं समुद्र. तो म्हणाला, नोटेशन विसरा. डोळे मिटा. बोटांना जायचं तिथं जाऊ द्या. चुकीचा सूर असा काही नसतोच. इतकं समजून घेणारं माणूस मला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. शाळेत नाही, नोकरीत नाही, घरी तर नाहीच नाही. त्यानं पहिला धडा दिला : फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. कुठल्याही, कशाही. वाईट लागणारच नाही.

आणि खरंच लागत नाही. याचं कारण आपल्या पेटीवाल्यांना विचारा. काळ्या पट्ट्या पाच. काळी तीनला सा धरला, की त्या पाचांत सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूप. त्याच पाच पट्ट्या ठेवून सा फक्त काळी चारला नेला, की मधमाद सारंग. काळी पाचला नेला, की मालकंस. काळी एकला दुर्गा, काळी दोनला धानी. सन १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं पियानो बनवला, तेव्हा त्याला मालकंस ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण पाच राग त्यानं नकळत माझ्यासाठी ठेवून दिले होते. वर्षानुवर्षं तानपुऱ्याशी झुंजणाऱ्या लोकांची मला कीव आली.

आमची बायको गांधर्वची प्रवेशिका पूर्ण झालेली आहे. पुढची मध्यमा आमच्या लग्नामुळे राहिली, असं ती आल्या-गेल्याला सांगते. माझ्या पहिल्या मुक्त आविष्काराच्या वेळी ती स्वयंपाकघरात होती.

“भूप का?” आतून आवाज आला.

“हो,” मी म्हणालो. आपण काय वाजवतोय हे मला तिच्याकडूनच कळत होतं.

थोड्या वेळानं, “आता दुर्गा?”

“हो.”

“अहो, मालकंस कशाला आणलात मधेच? सकाळचे साडेसात वाजलेत. मध्यरात्रीचा राग तो. दूध नासेल.”

“मी कुठं आणला? तो आला.”

“तुमचा सा कुठंय?”

“फिरता आहे,” मी म्हणालो.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. “आमच्या बाई म्हणायच्या, उपज सुचायला हवी असेल तर आधी पलटे घोटा. सारेग, रेगम, गमप. मैफलीत गवई डोळे मिटून जे सुचल्यासारखं गातो ना, ते त्यानं आधी हजारदा गायलेलं असतं.”

मी तिला समजावलं, की बाईंचा काळ वेगळा होता. आपली परंपरा मुळात कागदाची नाहीच. गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाते. त्यावर तिनं कपाटातून तिच्या परीक्षेच्या वह्या काढून दाखवल्या. पानंच्या पानं स्वरलिपी. जगात आम्हीच तेवढे कागदाशिवाय गातो असा आपला अभिमान, आणि त्या गाण्यासाठी भातखंडे आणि पलुसकर या दोघांनी दोन वेगवेगळ्या स्वरलिप्या तयार करून ठेवल्या. दोघेही मराठी. जिथं एकीचीसुद्धा गरज नाही असं सांगतात, तिथं मराठी माणसाचं एका पद्धतीवर भागत नाही.

मी खचलो नाही. जगात न वाचता वाजवणाऱ्या थोरांची यादी मी तयार केली आणि फ्रिजवर लावली. पहिला आयर्विंग बर्लिन. अमेरिकेतला एवढा मोठा गीतकार-संगीतकार, पण नोटेशनच्या वाटेला गेला नाही आणि जवळजवळ जन्मभर वाजवला तो एफ शार्पमध्ये. एफ शार्प म्हणजे कोण? आपली काळी तीन! एकच पट्टी येणाऱ्या माणसाला आपल्याकडे हळदीकुंकवाच्या कार्यक्रमालाही बोलावत नाहीत. त्यानं खास पियानो घेतला. त्याला एक दांडा होता. दांडा सरकवला की बोटं काळी तीनमध्येच राहायची आणि आवाज हव्या त्या पट्टीत निघायचा. शेकडो गाणी लिहून हा माणूस १०१ वर्षं जगला. तो दांडा आता माझ्या स्वस्तातल्या कीबोर्डवरही ‘ट्रान्सपोज’ नावाच्या बटणाच्या रूपानं आहे. म्हणजे माझ्यात आणि बर्लिनमध्ये आता फक्त गाण्यांचा फरक उरला होता.

दुसरा एरॉल गार्नर. थोर जॅझ पियानिस्ट, नोटेशन वाचता येत नव्हतं. उंची बेताची, म्हणून मैफलीत स्टुलावर टेलिफोन डिरेक्टऱ्या रचून त्यांवर बसायचा. डिरेक्टऱ्या आता मिळत नाहीत. मी माळ्यावरचे जुने दिवाळी अंक काढले आणि खुर्चीवर रचून बसलो. त्यातल्या एकात माझा लेखही होता.

“त्या लेखावर कोणीतरी पहिल्यांदाच इतका वेळ बसलंय,” मुलगा म्हणाला.

तिसरा खुद्द बीथोव्हेन. त्याला वाचता-लिहिता सगळं येत होतं, पण १८०० साली व्हिएन्नात स्टायबेल्ट नावाचा पियानिस्ट त्याच्याशी झुंजायला आला तेव्हाची गोष्ट सांगतात. बीथोव्हेननं वाटेत स्टायबेल्टच्याच रचनेतला चेलोचा कागद उचलला, पियानोवर उलटा ठेवला, एका बोटानं त्यातले चार सूर ठोकले आणि त्यांवर आयत्या वेळी असं काही रचत गेला, की स्टायबेल्ट वाजवणं संपायच्या आत निघून गेला. मीही प्रयोग केला. टीचरनी दिलेला कागद उलटा ठेवून वाजवला. मग सुलटा ठेवून वाजवला. घरात कोणालाच फरक कळला नाही. मलाही नाही. मात्र वाजवणं संपायच्या आत निघून जाण्याच्या बाबतीत आमचे पाहुणे थेट स्टायबेल्टच्या वळणावर गेले.

“बाबा, हेडफोन लावा ना,” मुलगा म्हणाला. कीबोर्डला ती सोय होती. लावून बघितले. मला कानात स्वर्गीय सूर ऐकू येत होते आणि घरच्यांना फक्त पट्ट्यांची खटखट, आणि त्यावर माझं गुणगुणणं. पियानिस्ट किथ जॅरेट वाजवताना कण्हायचा, गार्नरही हुंकार भरायचा. थोर कलावंताला ते आवरत नाही. माझं कण्हणं त्यांच्या तोडीचं होतं, असं मी आजही म्हणेन. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू बायकोला दारात हळूच विचारून गेल्या, “ह्यांना मूळव्याधीचा त्रास आहे का? आमच्याकडे एक चांगला वैद्य आहे.”

हेडफोन काढले. त्याच सुमाराला गुरूनं पुढचा धडा दिला. बोट चुकीच्या पट्टीवर पडलं तर घाबरू नका. तीच चुकीची पट्टी लगेच पुन्हा दाबा, ठासून. एकदा झाली तर चूक, दुसऱ्यांदा मुद्दाम केली की शैली. जॅझवाले याच्यावर आयुष्य काढतात म्हणे. हे तत्त्वज्ञान मला इतकं पटलं, की मी ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना समजावून सांगितलं. ते सांगायला नको होतं असं माझं मत नाही. एवढंच, की ऐकणारे फार लक्ष देऊन ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी आमटी तोंडात धरवेना.

“मीठ जास्त पडलंय,” मी म्हणालो.

“एकदा चुकून पडलं,” बायको म्हणाली, “म्हणून मुद्दाम पुन्हा घातलं. शैली.”

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याचा कुठलासा पेपर झाला. कसा गेला विचारलं, तर म्हणाला, “मस्त. प्रश्न बघितलेच नाहीत. प्रश्न म्हणजे नोटेशन. डोळे मिटले आणि पेनाला जायचं तिथं जाऊ दिलं.” निकाल लागला तेव्हा त्या पेपरला तो पुन्हा बसणार असल्याचं कळलं. एकदा नापास झाला तर अपयश, दुसऱ्यांदा... पुढचं वाक्य मी त्याला पुरं करू दिलं नाही.

त्यातच हॉलचा पंखा बिघडला. इलेक्ट्रिशियन आला. मी त्याला बिल्डरनं दिलेला वायरिंगचा नकाशा दाखवायला गेलो, तर त्यानं तो हातानं बाजूला सारला. “कागद नाही लागत साहेब. हाताला कळतं.” मला तो आपल्या घराण्यातला वाटला. मी त्याला चहा पाजला. तो गेल्यापासून आमच्याकडे दारावरची बेल वाजवली की गीझर चालू होतो. ज्या दिवशी पाहुणे जास्त, त्या दिवशी अंघोळीचं पाणी कढत.

हे सगळं आमच्या चार भिंतींत राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण खालच्या मजल्यावर एक काका राहतात. सवाईला न चुकता जाणारे, घरून सतरंजी आणि थर्मास नेणारे, आणि गवयानं वर्ज्य स्वर नुसता मनात आणला तरी मान हलवणारे. ते एका संध्याकाळी वर आले. चहा घेतला. मग म्हणाले, “तुम्हाला माहीतच असेल, आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली.”

“ऐकून आहे,” मी म्हणालो.

“१९७१ पर्यंत उठवली नाही. तीस वर्षांवर! अहो, एवढा मोठा देश, एवढी स्टेशनं, तरी त्यांना जमलं. आपल्या सोसायटीत तर बावीसच फ्लॅट आहेत.”

“पण काका, ती बंदी पेटीवर होती. हा कीबोर्ड.”

“कारण तेच लागू होतं. पेटीला मींड येत नाही, दोन सुरांमधल्या जागा सापडत नाहीत, अशी तक्रार होती.” ते थांबले. माझ्याकडे अतिशय सहानुभूतीनं बघत म्हणाले, “तुमचं उलटं आहे. तुम्हाला मधल्या जागाच सापडतात.”

मी हे प्रशस्तिपत्र म्हणून घेतलं.

आणि मग गणपती आले. सोसायटीच्या सभेत कोणीतरी म्हणालं, यंदा आरतीला टेप नको, जिवंत संगीत हवं. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. काकांनी छताकडे बघितलं. मी हो म्हणून टाकलं. मांडवात बाप्पाच्या उजव्या बाजूला टेबल, टेबलावर कीबोर्ड, कीबोर्डला सोसायटीचा स्पीकर, आणि माझ्याखाली दिवाळी अंक. मी काळी तीनचा सा धरून, डोळे मिटून तयार बसलो.

ज्यांनी सोसायटीची आरती ऐकली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. आरतीला सा नसतो, घसा असतो. जो पहिला तोंड उघडेल त्याची पट्टी. पहिल्या आरतीला ती बी विंगच्या आजोबांनी लावली, पांढरी एकच्याही खाली. दुसरी लहान मुलांनी उचलली, ती एकदम गच्चीवर. तिसरीला दोन्ही पक्षांनी आपापली पट्टी सोडली नाही. शिवाय लय. सुरुवातीला भक्तिभाव असतो, मग कोणाला तरी प्रसाद दिसतो आणि टाळ्या धावू लागतात. झांजा, टाळ, एक ढोलकी, आणि ताटावर चमचा वाजवणारं एक कार्टं. मी ट्रान्सपोजचं बटण वर दाबत गेलो, मग खाली दाबत गेलो. दुर्गा घेतला, धानी घेतला, मालकंसालाही हाक मारली. चुकीचा सूर लागतोय अशी शंका आली, की तोच दुसऱ्यांदा ठासून दाबला. डाव्या हातानंही मान खाली घालून भाता मारायचं सोडलं आणि चक्क दोन पट्ट्या दाबल्या. त्या गदारोळात मला माझं काहीही ऐकू येत नव्हतं. पण आतून खात्री वाटत होती, की आज जमतंय.

आरती संपल्यावर काका स्वतः उठून आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “आज मात्र एकही सूर खटकला नाही.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “किती सात्त्विक वाजवता हो!” सेक्रेटरींनी नारळ दिला. डाव्या हातात दिला, कारण उजव्यात प्रसाद होता. आमच्या घराण्याच्या इतिहासात डाव्या हाताला नारळ मिळाल्याची ती पहिली वेळ. मी भारावलेल्या अवस्थेत सामान आवरायला वाकलो, तेव्हा दिसलं, की कीबोर्डची पिन बोर्डमधून काढलेली आहे आणि तिथं लाइटची माळ लावली आहे.

“बाप्पाच्या मागं अंधार पडला होता ना,” सेक्रेटरी म्हणाले, “म्हणून आरतीच्या आधीच काढली. तुमचं काही अडलं नाही ना?”

मी हे कोणाला बोललो नाही. कीर्ती झाली होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा डोळे मिटलेला फोटो फिरत होता, आणि त्याखाली ‘नोटेशनशिवाय!!!’ असं लिहिलेलं होतं.

त्या कीर्तीपायीच विसर्जनानंतर सी विंगमधले एक गृहस्थ त्यांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा चुणचुणीत, नऊ-दहा वर्षांचा. “याला तुमच्याच पद्धतीनं शिकवा,” ते म्हणाले. “ते क्लास, ते कागद, त्या परीक्षा नकोत. मुलाचं मूल राहतच नाही. परवा तुम्ही जे वाजवलंत ते आम्हा दोघांना फार भिडलं. डोळे मिटून, सुचेल तसं. आपल्याला तेच हवं.”

त्यांचं बोलणं संपायच्या आत मुलगा कीबोर्डवर बसलाही होता. दोन्ही हात पसरून, डोळे घट्ट मिटून, काळ्या पट्ट्यांवर तो सुटला. भूप, दुर्गा, मालकंस एकामागून एक येऊन गेले. मधे बोट घसरून एका पांढरीवर पडलं, तर पठ्ठ्यानं तीच पुन्हा दाबली.

“मनगट!” असं कोणीतरी ओरडलं. तो मी होतो.

मुलगा दचकून थांबला. “असं नाही चालायचं,” मी म्हणालो. “वही आणलीस? नाही? मग उद्या वही. दोन रेघी नको, पाच रेघी. रोज एक तास पलटे. सारेग, रेगम, गमप. आधी उजव्या हातानं, मग डाव्या, मग दोन्ही. आणि दिवाळीपर्यंत काळ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही.”

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

“पण तुम्ही तर नोटेशनशिवाय...” मुलाचे वडील चाचरत म्हणाले.

“सोडण्यासाठी आधी धरावं लागतं,” मी म्हणालो. हे वाक्य मला त्याच क्षणी सुचलं, आणि मी त्याला हजारदा घोटलेल्या वाक्याचा चेहरा दिला. गृहस्थ भारावले. मी लगेच फीचंही बोलून घेतलं. महिन्याला अमुक इतकी, पाच तारखेच्या आत, आगाऊ, आणि गैरहजेरीचे पैसे वजा होणार नाहीत.

“छे हो सर, आकड्यांत कशाला अडकायचं?” ते प्रसन्न हसून म्हणाले. “महिनाअखेरीला मी डोळे मिटून खिशात हात घालीन. चुकीची रक्कम अशी काही नसतेच.”